घटपर्णीची जात कशी ओळखायची: आधी जोड, मग पान, रंग शेवटी

घटपर्णी ओळखताना होणाऱ्या चुका बहुतेक एकाच प्रकारच्या असतात. माणूस आधी घटाचा रंग पाहतो, इंटरनेटवर तसाच रंग शोधतो आणि पहिलं जुळणारं नाव कुंडीवर चिकटवतो. क्रम नेमका उलटा हवा. घट झाडाला कुठे आणि कसा जोडलाय ते आधी, मग तो खालचा आहे की वरचा, मग खोड आणि पान, मग झाकण आणि ओठ. रंग अगदी शेवटी. या क्रमाने गेलात तर रोपवाटिकेतून आणलेल्या बऱ्याच रोपांची जात, किंवा निदान ते कोणत्या जातींचं संकर आहे, याचा भरवशाचा अंदाज बांधता येतो.

लेखाचा भर नेपेंथिस या प्रजातीवर (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट) आहे, कारण आपल्याकडे कुंडीत मिळणाऱ्या घटपर्णी जवळजवळ सगळ्या याच प्रजातीतल्या असतात. बाकीच्या प्रजाती दुसऱ्या टप्प्यात थोडक्यात येतील.

## तयारी

दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, छोटा टॉर्च, पाठीमागे धरायला पांढरा कागद आणि मोबाईलचा कॅमेरा एवढं पुरे. भिंगाशिवाय बसू नका. पानाच्या कडेची लव आणि झाकणाच्या खालच्या ग्रंथी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि निम्मे निर्णय त्यांच्यावरच अवलंबून असतात.

घट निवडताना झाकण उघडून साधारण दोन-तीन आठवडे झालेला निवडा. नुकत्याच उघडलेल्या घटाचा ओठ अरुंद आणि फिकट असतो. पुढच्या काही दिवसांत तो बाहेर वळतो, रुंदावतो, मग रंग धरतो. उघडल्या दिवशी माप घेतलंत तर रुंद ओठाची जात अरुंद ओठाची वाटेल. उलट, वरून वाळत आलेल्या घटाचं झाकण आकसलेलं असतं, तोही बाद.

पुढे येणारे शब्द एकदा जुळवून घ्या. पानाच्या टोकातून निघणारी दोरी म्हणजे तणावा. तोंडाभोवतीची चकचकीत, रेघारेघांची कड म्हणजे ओठ. घटाच्या पुढच्या बाजूने वरून खाली जाणाऱ्या दोन पट्ट्या म्हणजे पंख, आणि पंखांच्या कडेचे केस म्हणजे झालर. झाकणाच्या सांध्यामागे बाहेर आलेलं बारीक टोक म्हणजे काटा.

फोटो किमान सहा हवेत: पूर्ण झाड, खोडाला पान जिथे मिळतं ती जागा, पानाचं टोक आणि तणावा, घट समोरून, घट बाजूने, आणि झाकणाची खालची बाजू. प्रत्येक फोटोत पट्टी ठेवा.

सावधान: पाहण्यासाठी घट कापू नका, आतलं पाणी ओतून देऊ नका. त्या पाण्यात झाडाचे स्वतःचे पाचक स्राव असतात. आतली भिंत पाहायची असेल तर तोंडातून टॉर्च मारा.

तपासा: एका कुंडीत एकच झाड आहे ना? ऊतीसंवर्धनातून आलेल्या कुंड्यांत अनेकदा दोन-तीन रोपं एकत्र लावलेली असतात, आणि ती सगळी एकाच जातीची असतीलच असं नाही. घटापासून तणावा, तणाव्यापासून पान, पानापासून खोड असं बोटाने मागे जा. ज्या खोडापाशी पोहोचाल त्याचीच नोंद करा.

## 1. मुळात ही घटपर्णी आहे का?

महाराष्ट्रात आणि गोव्यात रानात घटपर्णी उगवत नाही. कासच्या पठारावर कीटकभक्षी वनस्पती आहेत, पण त्या दवबिंदू आणि सीतेची आसवं. दोघींनाही घट नसतो. तरी दर पावसाळ्यात सह्याद्रीतल्या एखाद्या फोटोखाली ‘घटपर्णी’ लिहिलेलं दिसतंच. तो फोटो बहुधा सापकांद्याचा असतो. सापकांद्याचा फणा म्हणजे फुलोऱ्याभोवतीचं आवरण. आत डोकावलं की मधोमध उभा दांडा दिसतो आणि फणा जमिनीतून वर आलेल्या देठावर असतो. घटपर्णीचा घट हे पान असतं, त्यात फुलोरा कधीच नसतो.

बागेतली बदकवेलही अशीच फसवते. तिची फुगीर, वाकडी नळी हे फूल आहे. ते थोडे दिवस टिकून गळतं आणि पानाच्या टोकाला नसतं.

तिसरी फसवणूक डिस्किडियाची. हिची काही पानं फुगून पिशवीसारखी होतात. पिशवीला झाकण नसतं, आत मुळं शिरलेली असतात आणि पान मोडलं तर पांढरा चीक येतो. नेपेंथिसला असा दुधी चीक येत नाही.

बियांपासून सुरुवात करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. नेपेंथिसचं बी बारीक धाग्यासारखं, दोन्ही टोकांना निमुळतं आणि फुंकरीने उडेल इतकं हलकं असतं. पाकिटात गोल, टणक बिया निघाल्या तर त्या घटपर्णीच्या नाहीत. पाकिटावर निळ्या-जांभळ्या घटांचं चित्र असेल तर पुढे वाचायचीही गरज नाही.

## 2. प्रजाती ठरवा

इथे एकच प्रश्न विचारायचा: घट कुठून निघतो?

पानाच्या टोकातून तणावा निघून त्याला घट लटकत असेल तर नेपेंथिस. मादागास्करपासून ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकापर्यंत तिच्या जाती पसरल्या आहेत, आणि बोर्निओ, सुमात्रा, फिलिपीन्समध्ये सर्वाधिक.

तणावा नसेल आणि घट जमिनीतून सरळ वर येत असेल तर चार शक्यता उरतात. उंच नळी किंवा बसका घट, जमिनीलगत आडवं कंदासारखं खोड, आणि फुलात उलट्या छत्रीसारखा भाग असेल तर उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली सारासेनिया. डोकं पूर्ण गोल वळलेलं, त्यावर पारदर्शक ठिपके आणि तोंडापुढे दुभागलेली जीभ असेल तर उत्तर कॅलिफोर्निया आणि दक्षिण ओरेगनमधली डार्लिंगटोनिया. पान गुंडाळून पुढे शिवण घातल्यासारखी नळी आणि वर झाकणाऐवजी चिमुकला चमचा असेल तर व्हेनेझुएला-गयाना भागातल्या सपाट माथ्याच्या डोंगरांवरची हेलिअँफोरा. जमिनीलगत अंगठ्याएवढे, झाकण असलेले, केसाळ कण्यांचे घट आणि सोबत साधी चपटी पानं असतील तर नैऋत्य ऑस्ट्रेलियातली सेफॅलोटस.

हाती सारासेनिया असेल तर जाती वेगळ्या करणं तुलनेने सोपं आहे. घट बसका, तोंड आकाशाकडे उघडं आणि आत पावसाचं पाणी साचलेलं असेल तर पुर्पुरिया. घट जमिनीवर आडवे, गोल डोक्याचे आणि शिरायला छोटं भोक असेल तर सिटॅसिना. झाकण तोंडावर वाकलेलं आणि मागच्या बाजूला पांढऱ्या खिडक्या असतील तर मायनर. नळीचा वरचा भाग पांढरा आणि त्यावर लाल-हिरव्या शिरांची जाळी असेल तर ल्युकोफिला. उंच नळी, झाकणाखाली आवळलेली मान आणि पिवळं फूल असेल तर बहुधा फ्लाव्हा. या जाती एकमेकींत सहज मिसळतात, म्हणून दोघींच्या खुणा एकत्र दिसल्या तर संकर समजा. सारासेनियाला थंडीची खरी विश्रांती लागते. किनारपट्टीवरच्या गॅलरीत ती वर्ष-दोन वर्षांत खंगते, आणि खंगलेल्या झाडाचे घट ओळखीच्या कामाचे राहत नाहीत.

## 3. खालचा घट की वरचा?

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एकाच नेपेंथिसच्या झाडावर दोन तऱ्हेचे घट येतात, आणि ते इतके वेगळे असतात की नवख्या माणसाला दोन जाती वाटतात.

झाड लहान, खोड आखूड आणि पानं जमिनीलगत गोलाकार असताना येतात ते खालचे घट. त्यांचं पोट फुगीर असतं, पंख ठळक आणि झालरदार असतात, आणि तणावा घटाला पुढच्या बाजूने, म्हणजे पंखांच्या बाजूने, मिळतो. खोड वेलासारखं वर चढू लागलं की वरचे घट येतात. ते निमुळते किंवा नरसाळ्याच्या आकाराचे असतात, पंख आक्रसून नुसत्या दोन रेघा उरतात, तणाव्याला बहुधा वेटोळं पडतं आणि तो घटाला मागच्या बाजूने मिळतो. मधल्या काळातल्या घटांना तणावा बाजूने, पीळ देऊन जोडलेला असतो. ते नोंदवा, पण त्यांच्यावर निर्णय घेऊ नका.

म्हणून माझा ठाम आग्रह आहे की खालचा आणि वरचा दोन्ही घट पाहिल्याशिवाय जातीचं नाव लिहू नये. व्हेंट्रिकोसासारख्या काही जातींत दोन्ही घट बरेच सारखे दिसतात, तर रॅफ्लेसियानात जमीन-अस्मानाचा फरक असतो. हा फरक किती आहे, हीसुद्धा ओळखीची खूण आहे.

सावधान: तळहाताएवढ्या रोपाचं नाव ठरवायला बसू नका. अगदी कोवळ्या वयात बऱ्याच जातींचे घट सारखेच दिसतात. पान किमान दहा सेंटिमीटरचं होईपर्यंत लेबलवर फक्त ‘नेपेंथिस’ लिहा आणि थांबा.

## 4. खोड, पान, तणावा

घट मोहक असतो म्हणून सगळे त्याच्याकडे धावतात. पण घट हवेतल्या ओलाव्याने, उन्हाने, कुंडीच्या मापाने बदलतो. खोड आणि पान त्या मानाने कमी बदलतात, म्हणून घटाच्या आधी त्यांच्याकडे पाहा.

खोड दोन बोटांत धरून हळू फिरवा. गोल लागतं की कोनदार? ग्रॅसिलिसचं खोड बहुधा तिधारी लागतं, आणि तिच्या पानाचा तळ खोडावरून खाली उतरत जातो, दोन बाजूंना पातळ पट्ट्या सोडत. ही खूण एकदा बोटाला कळली की विसरत नाही.

मग पान खोडाला कसं मिळतं ते पाहा. देठ स्पष्ट आहे, की पान थेट खोडाला चिकटलंय? देठाच्या कडा पंखासारख्या पसरल्या आहेत का? पानाचा तळ खोडाला किती वेढतो? अलाटाच्या गटात देठ दिसतो. व्हेंट्रिकोसात पान जवळजवळ देठाशिवाय बसतं. हे दोघे संकरात एकत्र आले की देठ ‘आहे म्हटलं तर आहे, नाही म्हटलं तर नाही’ असा होतो, आणि ही अर्धवट अवस्थाच संकराची खूण ठरते.

आता भिंग. कोवळ्या पानाची कड पांढऱ्या कागदावर धरा. कडेला बारीक केसांची किनार दिसली आणि पान हाताला पातळ, कागदी लागलं तर मिराबिलिसचा विचार पहिला करा. दक्षिण चीनपासून ऑस्ट्रेलियापर्यंत, म्हणजे नेपेंथिसमध्ये सर्वात दूरवर पसरलेली ही जात आहे. मोठ्या वेलाच्या वरच्या पानांवर ही किनार विरळ होते, त्यामुळे ती तळाशी आलेल्या नव्या फुटव्याच्या पानावर शोधा.

शेवटी पानाचं टोक. तणावा बहुतेक जातींत अगदी टोकातून निघतो. तो टोकाच्या थोडा अलीकडे, पानाच्या खालच्या बाजूने निघत असेल तर ती मोठी खूण आहे, कारण असं राजा, क्लिपिएटा अशा थोड्याच जातींत ठळक दिसतं. पानाचं टोक कापल्यासारखं सपाट असेल तर ट्रंकाटा. घटाजवळ तणावा फुगीर आणि पोकळ असेल तर बोर्निओतली बायकॅल्करेटा: त्या पोकळीत मुंग्या राहतात, आणि झाकणाखाली दोन अणकुचीदार सुळे दिसले की शंकाच उरत नाही.

## 5. झाकण, ओठ, पंख

झाकण: आधी वरून पाहा, गोल की लांबट, आणि तोंड पूर्ण झाकतं का. मग तर्जनीने हलकेच उचलून खालची बाजू भिंगाखाली घ्या. गुळगुळीत आहे, की मधोमध उभा कणा आहे? मॅक्सिमात तळाजवळ कणा आणि टोकाकडे खाली वळलेला आकडा असतो. अलाटाच्या गटात तळाजवळ ग्रंथींनी भरलेला उंचवटा असतो. खासियाना, मिराबिलिस यांच्यात असं काही नसतं. या पाहणीला अर्धं मिनिट लागतं आणि शंकेतली निम्मी नावं बाद होतात, तरीही फोटोत हीच बाजू नेहमी गायब असते.

ओठ: बाजूने, घटाच्या मध्यरेषेवर, पट्टी लावून रुंदी मोजा. अरुंद आणि दोरीसारखा गोल, की रुंद आणि चपटा? मागे झाकणाकडे तो सरळ जातो, की मान उंचावल्यासारखा वर चढतो? रॅफ्लेसियानाच्या खालच्या घटात ही उंच मान लांबूनही दिसते.

पंख: खालच्या घटावरच पाहा. वरच्या घटावर ‘पंख नाहीत’ ही नोंद निरुपयोगी आहे.

तपासा: घटाची उंची तळापासून तोंडापर्यंत मोजली ना? झाकण धरून घेतलेलं माप वर्णनाशी जुळत नाही. सर्वात रुंद भाग आणि कंबर असल्यास तिची जागा, तळापासून किती वर, तीही लिहा.

## 6. नाव जुळवा

आता नोंदी समोर ठेवून जुळवणी करा. आपल्याकडे जास्त भेटणारी मंडळी अशी.

व्हेंट्राटा: रोपवाटिकांत सर्वाधिक विकलं जाणारं हे रोप व्हेंट्रिकोसा आणि अलाटा यांचं संकर. बराच काळ अलाटा म्हणून लागवडीत असलेल्या झाडांना आता ग्रॅसिलिफ्लोरा म्हणतात, त्यामुळे नाव कुठे एक, कुठे दुसरं दिसेल. घट हिरवट-लालसर, कंबर हलकी, ओठ लालसर, वाढ भराभर. दुकानात लेबलवर नुसतं ‘अलाटा’ असेल तर आधी हिचाच संशय घ्या.

व्हेंट्रिकोसा: कंबर स्पष्ट आवळलेली, पंख जवळजवळ नाहीत, पान बिनदेठाचं.

अँप्युलारिया: मडक्यासारखा बुटका घट, आणि झाकण इतकं लहान व मागे पडलेलं की तोंड उघडंच राहतं. वरून पडणारा पालापाचोळा आत जावा अशी ती रचना. वेलाच्या बुडाशी घटांचे झुपके येतात. वरचे घट फार क्वचित दिसतात, त्यामुळे ते नसले तरी इथे अडत नाही. हिचं आणि व्हेंट्रिकोसाचं संकर ‘ब्लडी मेरी’ आणि ‘लेडी लक’ या नावांनी मिळतं: घट छोटा, गुबगुबीत, गडद लाल, पण झाकण अँप्युलारियाइतकं मागे पडलेलं नाही.

मिरांडा: मोठा, लांबट, ठिपकेदार घट आणि रुंद रेघाळ ओठ. मॅक्सिमाचं रक्त असल्याचं मानलं जातं, म्हणून झाकणाखालचा कणा जरूर पाहा.

खासियाना: भारतात नैसर्गिकरीत्या वाढणारी ही एकमेव जात, मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांतली. दक्षिण गारो हिल्समध्ये बाघमाऱ्याजवळ तिच्यासाठी राखीव क्षेत्र आहे. घट लांबट आणि नळीसारखा, खालचा भाग किंचित फुगीर, ओठ अरुंद, झाकणाखाली कणा नाही. ‘भारतीय घटपर्णी’ म्हणून जे विकलं जातं त्यात कंबर किंवा रुंद लाल ओठ दिसला तर ते व्हेंट्राटा असण्याचीच शक्यता जास्त.

सावधान: खासियानाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ती आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. रानातून उपटलेलं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. लागवडीतलं रोप घेतानाही त्याचा उगम आणि कागदपत्रं विचारा.

सिंगापूरमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना हा सराव जंगलात करता येतो. तिथे ग्रॅसिलिस, अँप्युलारिया आणि रॅफ्लेसियाना या तिन्ही जाती रानात आहेत आणि त्यांचे नैसर्गिक संकरही. अँप्युलारिया आणि रॅफ्लेसियाना यांच्यापासून हुकेरियाना होतं: घट बुटका, पण झाकण मोठं आणि ओठ मागे थोडा उचललेला. संकर दोन जातींच्या मध्ये नेमकं कुठे उभं राहतं, ते समजून घ्यायला यापेक्षा चांगलं उदाहरण नाही. तोडायचं मात्र काही नाही, फक्त पाहायचं आणि फोटो घ्यायचे.

## 7. आता रंग, आणि मग लेबल

रंग इथे येतो. भरपूर उजेडात हिरवा घट लाल होतो, सावलीत लाल घट हिरवा पडतो, आणि एकाच झाडाचे पावसाळ्यातले आणि मार्चमधले घट शेजारी ठेवले तर विश्वास बसत नाही. म्हणून रंगाने आधीच्या नोंदींना दुजोरा मिळाला तर ठीक. विरोध आला तर आधीच्या नोंदी खऱ्या धरा.

दुकानाचं लेबल हा पुरावा नाही, दावा आहे. तो तपासायची एक सोपी रीत म्हणजे हवामान. राजा ही जात बोर्निओतल्या सबाहमधल्या किनाबालू पर्वताच्या परिसरात दीड हजार मीटरच्या वर वाढते आणि तिला रात्री थंडच लागतात. ठाण्यातल्या उघड्या गॅलरीत एखादं रोप ‘राजा’ या नावाने दोन उन्हाळे मजेत काढत असेल, तर ते राजा नाही. मोबाईलवरच्या ओळख-ॲपचंही तसंच: ते प्रजाती बरोबर सांगतं, पण संकरांपुढे बहुतेक वेळा गडबडतं.

फूल आलं तर नोंद करा. नेपेंथिसमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात. फुलोऱ्याच्या एकेका देठावर एक फूल आहे की दोन, एवढं मोजलं तरी जवळच्या जाती वेगळ्या करायला मदत होते.

## 8. नोंद कशी लिहायची

संकराच्या नावात गुणाकाराचं चिन्ह असतं, आणि दोन पालकांची नावं लिहिताना बीज धरणारं मादी झाड आधी लिहितात. मादी पालक कोणता हे माहीत नसेल तर क्रमाने काही सुचवू नका. लेबलवर शिसपेन्सिलनेच लिहा, पेनाची शाई उन्हात उडते.

खात्री तीन पायऱ्यांत लिहायची सवय लावा. सगळ्या खुणा जुळल्या आणि दोन्ही घट पाहिले असतील तर नुसतं नाव. एखादी खूण पाहायची राहिली असेल तर नावाआधी ‘बहुधा’. खुणा दोन जातींत विभागल्या गेल्या तर ‘संकर’, आणि पुढे ज्या पालकाची खूण स्पष्ट आहे तेवढंच नाव. मागच्या बाजूला तारीख, रोप कुठून आलं ते, आणि कोणती खूण अजून पाहायची आहे ते. उदाहरणार्थ: ‘बहुधा मिराबिलिस. पानाच्या कडेला किनार, झाकणाखाली कणा नाही, ओठ 6 मिमी. वरचा घट बाकी.’

तो वरचा घट आला, की पाचव्या टप्प्यापासून पुन्हा सुरुवात करा आणि जुनं लेबल खोडून नवं लिहा.